कूलरची तक्रार आणि विमानाचं इंग्रजी

ललितला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला त्याचा गळा दाबावासा वाटला होता. प्रेमात पडलेल्या मुलींनी असं सांगू नये म्हणतात. पण खरं तेच आहे.

अमरावती, मे महिना, दुपारचे साडेबारा. आमच्या खोलीतल्या कूलरचा पंप तीन दिवसांपासून बंद होता आणि कूलर नुसत्या गरम वाफा फेकत होता. खोलीत आम्ही तिघी मुली, अंगावर ओल्या ओढण्या घेऊन अभ्यास करायचो. मी दुकानात दोनदा फोन केला होता. दोन्ही वेळा पलीकडून एक गोड, संथ आवाज म्हणाला होता, "आज पाठवतो ना माणूस. होऊन जाते." तिसऱ्या दिवशी मी क्लास सुटल्यावर, वही काखेत मारून, थेट राजापेठेतलं ते दुकानच गाठलं.

काउंटरमागे एक उंच, सावळा मुलगा बसला होता. समोर इतके कूलर मांडलेले, आणि एकही चालू नव्हता.

"तुमीच का ते, 'होऊन जाते' वाले?"

त्यानं वर पाहिलं. डोळे मात्र छान होते... पण ते मी तेव्हा कबूल केलं नसतं.

"हाव. कावून?"

"कावून म्हणजे? दोनदा तुमी सांगतलं होऊन जाते म्हणून. कुठी झालं?"

तो काही बोलायच्या आत मी वही उघडली. त्याच सकाळी आम्हाला क्लासमध्ये शिकवलं होतं, ग्राहकाची तक्रार कशी हाताळायची ते. इंग्रजीतून शिकवलं होतं, मी त्याला वऱ्हाडीतून ऐकवलं. "पयलं, माफी मागा. मागतली तुमी? नाही. दुसरं, काय झालं ते खरं सांगा. सांगतलं? नाही. मंग काय करणार अन् कदी करणार, ते सांगा. त्याचं तर नावच नका घेऊ!"

तो हनुवटीखाली हात ठेवून ऐकत राहिला. मग हळूच म्हणाला, "माफ करा. मेकॅनिक गावाले गेला, साळीच्या लग्नात. परवा येते. मी खोटं बोललो."

"मंग तवाच कावून नाही सांगतलं?"

"खरं सांगतलं का लोक चिडते न."

"अन् खोटं सांगतलं तर?"

"थेबी चिडते..." त्यानं जरा विचार केला. "पण दुसऱ्या दिवशी."

मला हसायचं नव्हतं. शपथेवर सांगते, अजिबात हसायचं नव्हतं. पण हसू आलं, आणि एकदा हसल्यावर भांडण पुढे नेता येत नाही. चार वाजता तो स्वतः पंप आणि पाना घेऊन आमच्या दारात उभा होता. पंप बसवून, हात पुसत त्यानं विचारलं, "थे वहीतलं कुठी शिकवते?"

"विमानाच्या क्लासात," मी म्हटलं, आणि मान जरा जास्तच ताठ केली.

ताठ करण्यासारखीच गोष्ट होती. मी दीक्षा जानराव वानखडे, अकोल्याची. बाबा डाळ मिलमध्ये मशीनवर. आमच्या घरात भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आहे आणि त्याच्या खाली, काचेच्या फ्रेममध्ये, माझं बी.कॉम.चं प्रमाणपत्र. अमरावतीजवळच्या बेलोऱ्याहून विमानं उडायला लागली तशी मी अमरावतीत विमानतळाच्या कामाचं इंग्रजी शिकायला आले. बोर्डिंग पास, चुकलेलं विमान, हरवलेली बॅग, चिडलेला प्रवासी... या सगळ्याशी इंग्रजीतून कसं बोलायचं ते. क्लास अर्धाही झाला नव्हता आणि बाबा मिलमध्ये सांगून मोकळे झाले होते, "माही पोरगी विमानाच्या खात्यात हाय." त्यामुळे मला ती नोकरी मिळवायचीच होती. बाबांना खोटं पडलेलं मी पाहू शकले नसते.

पण झालं भलतंच. आमच्या हर्षा मॅडम बरीच वर्षं विमान कंपनीच्या काउंटरवर काम करून आलेल्या, त्यांच्या नजरेतून काही सुटत नसे. त्यांनी सराव परीक्षा घेतली. तीन जणांना प्रवासी केलं, तिघांनाही खिडकीची जागा हवी, आणि जागा एकच. मी तिघांनाही तोंडभर हसून म्हटलं, "येस सर, शुअर सर, डोन्ट वरी सर." इंग्रजी अगदी पाण्यासारखं वाहिलं. मॅडमनी चष्मा काढला.

"दीक्षा, सीट एक आणि शब्द तीन. आता दोघांना काय पायलटच्या मांडीवर बसवणार?"

वर्ग खदाखदा हसला. मॅडम हसल्या नाहीत. "कंपनीच्या निवड परीक्षेला इथून चौघंच जाणार आहेत. तू आज पाचवी आहेस. इंग्रजीमुळे नाही. तुला 'नाही' म्हणता येत नाही, म्हणून."

परत येताना मी विचार करत होते. खरंच की. आमच्याकडे तोंडावर 'नाही' म्हणणं म्हणजे उद्धटपणा. दारी आलेल्या माणसाला पाणी द्यायचं, बसवायचं, आणि म्हणायचं, कावून टेन्शन घेता, होऊन जाते. मग ते होवो न होवो. बोलाचीच कढी अन् बोलाचाच भात, पण वाढायची मात्र पोटभर. मी ज्या माणसाला फाडून खाल्लं होतं, त्याच्याहून मी काडीचीही वेगळी नव्हते.

म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी मी पुन्हा त्याच्या दुकानात गेले.

"मले चिडलेले लोक पायजे," मी म्हटलं.

ललितनं हात पसरले. "मॅडम, बरोबर जागी आल्या. पूर्ण अमरावती माह्यावर चिडून आहे."

असा आमचा व्यवहार ठरला. दुपारी दोन ते चार, रस्ते ओस पडायचे त्या वेळात, मी त्याच्या काउंटरमागे उभी राहायची. गिऱ्हाईक आलं की त्याच्याशी वऱ्हाडीतून बोलायचं. गिऱ्हाईक नसलं की ललित बाहेरून आत यायचा आणि चिडलेला प्रवासी व्हायचा, आणि मग इंग्रजी. तो कॉलेजात इंग्रजीत दोनदा नापास झालेला, पण चिडायला व्याकरण लागत नाही.

पहिल्याच आठवड्यात माणिकबाई आल्या. पदर खोचलेला, तोंडाचा पट्टा चालू. त्यांची ही तिसरी खेप होती. ललित सवयीनं 'होऊन...' म्हणायला लागला आणि मी काउंटरखालून त्याच्या पायावर पाय दिला.

"माणिकबाई, आधी माफ करा," मी म्हटलं. "आज नाही होत. मोटर नागपूरहून येऊन राहिली, उद्या दुपारी येते. उद्या पाच वाजता मी सोता तुमाले फोन करते. आली तर आली म्हणून, नाही आली तर नाही आली म्हणून."

माणिकबाईंनी पदर आणखी घट्ट खोचला. मला वाटलं, आता कडाडतील. "बरं झालं बाई सांगतलं," त्या म्हणाल्या. "मी देरानीच्या घरी जातो मंग आज. तिच्या इथं थंडं असते." आणि चक्क निघून गेल्या. ललित त्यांच्या पाठीकडे पाहतच राहिला.

"इतक्या वर्षात मले हे नाही सुचलं," तो म्हणाला.

"तुमी लोकायचं तोंड पाह्यता. लोक काय म्हणून राहिले थे ऐकत नाही."

"अन् तू?"

तुमीवरून तूवर तो असा आला, सहज, आणि दोघांच्याही लक्षात आलं. मी मोटरच्या खोक्यावरची धूळ पुसायला लागले. खोक्यावर धूळ नव्हती.

मग दुपारमागून दुपारी गेल्या. प्रवासी ललितच्या तक्रारी दिवसेंदिवस अवघड होत चालल्या. त्याचं विमान चुकायचं, जेवण थंड असायचं, शेजारचा माणूस घोरायचा. एकदा तो डोक्याला हात लावून आत आला. "मॅडम, माय बॅग इज मिसिंग!"

"आय ॲम सो सॉरी सर. व्हॉट इज इन द बॅग?"

"ऑरेंजेस. फ्रॉम शेंदूरजनाघाट." त्याच्या वडिलांची, केशवरावांची, तिथे संत्र्याची बाग होती. "अँड... वन चिठ्ठी."

"चिठ्ठी फॉर हूम, सर?"

"काउंटरवरच्या मॅडमले."

मी रजिस्टरमध्ये मान घातली. "सर, ताकाले जाऊन भांडं लपवू नका. काय थे सरळ सांगा."

त्याचे कान लाल झाले. सावळ्या माणसाचे कान लाल झालेले मी पहिल्यांदाच पाहत होते. "सरळ सांगू?" तो म्हणाला, आणि इंग्रजी, प्रवासी, बॅग, सगळं सोडून नुसता ललित होऊन उभा राहिला. "दीक्षा, मले तू आवडते. दोन वाजाची वाट पाहून राहतो मी सकाळपासून. मेकॅनिक आला तरी त्याले सुट्टी देतो, का माणसं चिडून येत राहिली पायजे म्हणून."

बाहेर रस्त्यावर उन्हाची नुसती भट्टी होती आणि माझ्या अंगावर मात्र शहारा आला. मला इतका आनंद झाला... इतका, की काय करावं सुचेना. मलाही सकाळपासून दोन वाजायचीच ओढ असायची. मी ते सांगणारच होते. पण जिभेवर आधी दुसराच प्रश्न आला.

"घरी सांगतलं?"

"सांगतो ना." तो हसला, मान हलवली. "होऊन जाते."

बस. तिथेच माझा चेहरा उतरला असावा, कारण त्याचंही हसू थांबलं.

"ललित, माह्या घरी भिंतीवर कोनाचा फोटो आहे, तुले माहीत आहे. तुह्या गावात, तुह्या घरी सून कोणत्या घरची पायजे, थे मले माहीत आहे. मी काही कूलर नोहे, का आज नाही तर परवा पंप बसवून देशील."

"तसं नोहे माह्या मनात..."

"मनात काय आहे थे तू सांगतलं, अन् मले गोड वाटलं. खरंच वाटलं. पण घरच्यायचं जे खरं असन, थे सांगता आलं तरच ये. नाही तर येऊ नको. मी आता परीक्षेपर्यंत इकडे फिरकत नाही."

वही काखेत मारून मी निघाले. दुकानाच्या पायऱ्या अगदी दिमाखात उतरले आणि ऑटोत बसल्याबरोबर रडायला लागले. राजापेठपासून खोलीपर्यंत रडले. ऑटोवाले काका आरशातून पाहत होते. शेवटी म्हणाले, "पेपर लय कठीण गेला का बाई?" मी हो म्हटलं.

त्यानंतरचे तीन आठवडे मी नुसता अभ्यास केला. दुपारचे दोन वाजले की चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं, मग मी मोठ्यानं इंग्रजी वाक्यं म्हणायची आणि खोलीतल्या मुली कानांवर उशा दाबायच्या. दुसऱ्या सराव परीक्षेत हर्षा मॅडमनी मला अर्धा तास छळलं. चार प्रवासी, दोन विमानं, एक हरवलेलं लेकरू. मी एकही खोटा शब्द दिला नाही. मॅडमनी यादीत माझं नाव लिहिलं, चौथं, आणि म्हणाल्या, "कोणाच्या हाताखाली शिकलीस गं मधल्या काळात?" मी सांगितलं, कूलरच्या दुकानात. त्यांना थट्टा वाटली.

निवड परीक्षा अमरावतीतल्याच एका हॉटेलात होती. टेबलापलीकडे दोन माणसं, मुंबईहून आलेले एक साहेब आणि एक कडक इस्त्रीची साडी नेसलेल्या बाई. साहेब प्रवासी झाले. त्यांच्या आईचं संध्याकाळी मुंबईत ऑपरेशन, आणि विमान रद्द. त्यांनी टेबलावर हात आपटला. अभिनय होता, मला ठाऊक होतं. तरी 'डोन्ट वरी सर' अगदी ओठांवर आलं होतं...

मी उठले, बाजूच्या जगमधून ग्लासभर पाणी ओतून त्यांच्यापुढे ठेवलं आणि इंग्रजीतून म्हटलं, "सर, मला फार वाईट वाटतं. संध्याकाळपर्यंत तुम्ही मुंबईत पोचाल, असा शब्द मी देऊ शकत नाही. नागपूरहून दुपारच्या विमानात जागा आहे का ते मी आत्ता बघते. दहा मिनिटांत तुम्हाला उत्तर देते, हो असो की नाही. तोवर इथे बसून आईंना फोन करा."

साहेबांनी आवाज आणखी चढवला. मी तेच पुन्हा म्हटलं, तेवढ्याच शांतपणे. तिसऱ्यांदा त्यांनी ओरडायचं सोडलं आणि ते पाणी प्यायले.

मग त्या बाई बोलल्या. "तुमच्या इंग्रजीत तुमच्या गावाकडचा हेल फार आहे."

पूर्वीची दीक्षा 'सॉरी मॅडम' म्हणाली असती. मी म्हटलं, "हो मॅडम. तुमचे प्रवासी याच गावाकडून येणार आहेत. त्यांना माझं समजेल, आणि मला त्यांचं."

बाईंनी काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते दिसलं नाही. मी बाहेर आले तेव्हा मला माझाच अभिमान वाटत होता. नोकरी मिळो न मिळो, आपण आपल्याच आवाजात बोललो, असं वाटत होतं.

पुढच्या शनिवारी, मी अकोल्याला घरी असताना, फोन आला. निवड झाली. बेलोऱ्याच्या काउंटरवर, पुढच्या महिन्यापासून. आईनं मला मिठीच मारली. बाबांनी प्रमाणपत्राची फ्रेम काढून सदऱ्याच्या बाहीनं पुसली आणि पुन्हा टांगली. त्यांचे डोळे भरले होते. त्या दिवशी अख्ख्या गल्लीला बुंदी वाटली. आणि मी, इतकं सगळं मिळाल्यावरही, मोबाइलमधलं एकच नाव उघडत होते आणि बंद करत होते. मी फोन केला नाही. घरचं खरं सांगता आलं तरच ये, हा माझा शब्द होता.

रविवारी सकाळी अकराच्या सुमारास दाराची कडी वाजली. मीच उघडलं.

ललित. इस्त्रीचा शर्ट, हातात संत्र्यांची नाही की कसली पिशवी नाही, नुसता तो. दाढी वाढलेली, जरा वाळलेला.

"बाबा आहे का घरी?" त्यानं विचारलं. माझे बाबा. मी बाजूला झाले.

बाबांनी त्याला खुर्ची दिली. आईनं पाणी दिलं. तो खुर्चीच्या कडेवर बसला, ग्लास दोन्ही हातांत धरून.

"काका, मी ललित. अमरावतीले माहं कूलरचं दुकान आहे, घर शेंदूरजनाघाटले. मले तुमची दीक्षा आवडते. तिनं मले सांगतलं होतं, घरचं खरं काय आहे थे सांगता आलं तरच ये. थे सांगाले आलो." त्यानं बाबांकडे सरळ पाहिलं. "तिच्या वहीत परीक्षेची तारीख पाह्यली होती, त्याच्या आदल्या दिवशी मी बाबाले सांगतलं. मुद्दाम आदल्या दिवशी. नोकरी लागल्यावर सांगतलं असतं तर लोक म्हणाले असते, नोकरीवाली आहे म्हणून तिले आणून राहिला. मले तशी नाही आणाची तिले. बाबा नाही म्हणाले. तवापासून माह्याशी बोलून नाही राहिले. मी गावीच राह्यलो, रोज विचारत राह्यलो. आई रडली, मंग परवा म्हणाली, पोरीले मले पाह्यचं आहे. इतकंच झालं आतापर्यंत. बाबा मानतीन का नाही, मले माहीत नाही. मानतीन असं मी म्हणत नाही. पण तिची हो असन, तर थे नाही म्हणाले तरी मी तिच्याशीच लग्न करीन."

स्वयंपाकघराच्या दारात आई पदर तोंडाशी धरून उभी होती.

बाबांनी विचारलं, "तिची निवड झाली, कालच फोन आला. माहीत हाय का तुले?"

"काय?" ललित ताडकन उठला. ग्लासातलं पाणी सांडलं, त्याच्या लक्षातही आलं नाही. "झाली? खरंच? बेलोऱ्याले?" तो माझ्याकडे वळला, आणि बाबा समोर आहेत, आई दारात आहे, आपण कशाला आलो होतो, सगळं विसरून लहान पोरासारखा हसायला लागला. "मी म्हणलं होतं न! माणिकबाईले जिनं शांत केलं, तिले कोन नापास करन!"

त्याला माहीत नव्हतं. नोकरीवाली दीक्षा मागायला तो आलाच नव्हता. पाचव्या नंबरची, ऑटोत रडणारी, कदाचित नापास झालेली दीक्षा मागायला तो आला होता, आणि तिच्यासाठी घरचा नकार पदरात घेऊन आला होता. मला रडू आलं, पण हे रडणं वेगळं होतं. माझी मान आयुष्यात इतकी ताठ कधीच झाली नव्हती.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "बाई, पोरगा तर खरं बोलला. आता तू सांग."

बाबांसमोर हे कसं बोलायचं, ते कुठल्याच क्लासमध्ये शिकवत नाहीत. मी डोळे पुसले.

"मले तू पायजे, ललित," मी म्हटलं. "पयल्या दिवशीपासून पायजे होता, मीच कबूल नाही केलं. तुहे बाबा आले तर लयच आनंद आहे. नाही आले, तर लग्नात त्यायची खुर्ची आपण समोरच मांडू, अन् रिकामी ठेवू. कोनाले बसू देणार नाही."

ललितनं मान खाली घातली. त्याचे खांदे हलत होते. मी खुर्ची ओढली आणि बाबांच्या समोरच, त्याच्या शेजारी जाऊन बसले.